काटा कायम लाल रेघेवर

अरे थांबा, आधी नुसतं ऐका! प्रश्न नंतर विचारा. मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे आणि परवा मला भंगारात न्यायला निघाले होते. हो, भंगारात! पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. वयानं मी म्हातारी असेन, पण एकदा बोलायला लागले की माझा ब्रेक लागत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यातला. पट्ट्यावरून सांगाडा पुढे सरकायचा, कुणी दारं लावायचं, कुणी काचा. सगळ्यात शेवटी टाकीत पहिलं पेट्रोल पडलं. काय गार वाटलं म्हणून सांगू! आणि त्याच क्षणी टाकीच्या आतून बारीक आवाज आला, हुंऽऽ. तो माझा पंप. मुठीत मावेल एवढा जीव, पण टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनापर्यंत पोचवायचं काम त्याचं. लोक इंजिनाचं कौतुक करतात, रंगाचं करतात. पंपाचं नाव कुणीच घेत नाही. खरं सांगायचं तर मीही कधी घेतलं नव्हतं.

मला बाबांनी घेतलं. बाबांची लाँड्री होती. मोठ्या दवाखान्याच्या चादरी, लॉजच्या उशांचे अभ्रे, सगळं माझ्या पोटात. चढ चढून वर आले की बाबा स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास माझी पोरगी!" मग मी उतारावर उगाचच जोरात पळायचे.

पुढे बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. लाँड्री त्यांच्या मुलीनं, ताईनं घेतली. तिचा धाकटा भाऊ लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणायचे. बाबांनी वाटणी केली ती अशी, की सकाळी गाडी ताईची, दुपारनंतर भोंग्याची. भोंगा राहायचा पलीकडच्या गल्लीत. दोघांची गाठ पडायची ती फक्त किल्ली द्यायला आणि घ्यायला.

एकदा ताईनं हौसेनं माझी टाकी काठोकाठ भरली. त्याच संध्याकाळी भोंगा मला घेऊन कुठल्या कुठे लांब गेला आणि टाकी रिकामी करून आणली. सकाळी मी भर रस्त्यात बंद! मागे धुतलेल्या चादरींचा ढीग आणि पुढे दवाखान्यातून फोनवर फोन. ताई त्याला एका शब्दानं बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती तिच्या फेरीपुरतंच पेट्रोल टाकायला लागली. भोंगा काय कमी? तोही त्याच्यापुरतंच टाकायला लागला. दोघांचा अंदाज इतका पक्का, की किल्ली हातात द्यायच्या वेळी माझा काटा बरोबर लाल रेघेवर! जणू शर्यतच लागली होती, गाडी जास्त कोरडी कोण ठेवतो याची.

आधी मला गंमत वाटली. हलकं हलकं पळायला मजा यायची. पण पंपाची गंमत नव्हती, मित्रांनो. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. आता तो सदा तळाशी उघडा पडलेला, तापलेला, वर तळाचा गाळ ओढत बसलेला. त्याचं गुणगुणणं हळूहळू कण्हणं झालं.

"ताई, मागून कुणीतरी रडल्यासारखं ऐकू येतंय," भोंगा एकदा म्हणाला.

"तुझीच गाणी असतील," ताई म्हणाली आणि किल्ली घेऊन निघून गेली.

मग मी उन्हात बंद पडायला लागले. जरा सावलीत थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा पुढे जाऊन बंद. भोंग्यानं बॅटरी बदलली. ताईनं प्लग बदलले. ती म्हणाली, त्यानं स्पीकर लादून लादून गाडीचा जीव घेतला. तो म्हणाला, हिचा पाय क्लचवरून हलेल तर शपथ. शेवटी एके सकाळी लाँड्रीच्या दारात मी जी उभी राहिले ती राहिलेच. स्टार्टर नुसता खर्र खर्र करतोय, पुढे काही नाही.

"विकून टाकू," भोंगा म्हणाला.

"टाक," ताई म्हणाली.

बास. एवढंच! मी वाट बघत होते, कुणीतरी 'पण' म्हणेल. कुणी म्हटलं नाही. आणि मला माझी भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मी गेले की किल्ली गेली. किल्ली गेली की ही दोघं भेटणार कशाला?

भंगारवाला फोनवर म्हणाला, चालत आली तर घेतो, ओढून न्यायला माझ्याकडे माणूस नाही. म्हणून मेकॅनिकला बोलावलं. नाव पैलवान आणि अंगकाठी स्क्रूड्रायव्हरसारखी.

"फक्त भंगारापर्यंत पोचेल एवढं कर," भोंगा म्हणाला.

"म्हणजे पेशंटला त्याच्याच पायांनी पोचवायचंय म्हणा की!" पैलवान हसला. मला नाही हसू आलं.

मग त्यानं सगळ्यांना गप्प केलं. किल्ली अर्धीच फिरवायला लावली आणि मागच्या सीटला कान लावला. इथे हुंऽऽ यायला हवं होतं. आलं नाही. त्यानं फ्यूज काढून उजेडात धरला, तर तो धडधाकट. पंपाला वीज सोडणारा रिले काढून त्या जागी हॉर्नचा बसवला, तरी शांतता. मग सीट उचलून पंपाच्या वायरीला छोटा दिवा लावला. दिवा पेटला!

"वीज येतेय. साहेबच उठत नाहीयेत," असं म्हणून तो रबरी हातोडा घेऊन माझ्या पोटाखाली सरपटला. "भोंग्या, मार स्टार्टर!"

आणि टाकीला खालून टप, टप. मित्रांनो, पंप दचकून जागा झाला! इंजिन धडाडलं! असा श्वास आला मला, काय सांगू!

"आता किल्ली बंद करू नका," पैलवान धूळ झटकत म्हणाला. "बंद केलीत तर हा परत उठेल याची खात्री नाही. जायचं तर असंच थेट जा."

भोंगा स्टिअरिंगवर, ताई शेजारी. पैलवाननं खिडकीतून आत डोकं घातलं. "इंजिन तर गोड चालतंय हो. पंप तेवढा जळलाय. टाकीत पेट्रोल का नसतं?"

"मी माझ्या फेरीपुरतं टाकते," ताई म्हणाली.

"मी पण," भोंगा म्हणाला.

"रोज?"

दोघांची नजर एकदमच लाल रेघेवरच्या काट्यावर गेली.

"मग झालं तर! दोघांनी मिळून जाळलात. अगदी निम्मा निम्मा!"

भोंग्याचे कान लाल झाले. त्यानं गिअर टाकला. माझं इंजिन एकदा अडखळलं, पुन्हा सावरलं. ताई समोरच्या काचेतून बघत होती.

"जायचं ना, ताई?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

भोंग्यानं गिअर परत काढला. मग हळूच म्हणाला, "विचारतोय."

ताईनं हात लांबवला आणि किल्ली फिरवली. बंद! एकदम शांतता. आयुष्यात पहिल्यांदा मला बंद पडायचा इतका आनंद झाला.

"आता झाली का पंचाईत," पैलवान खुशीत म्हणाला आणि पाने काढायला पळाला.

त्यानं माझी दारं सताड उघडली, बॅटरीची वायर सोडवली. टाकी रिकामी करायला गेला तर आत काय, चूळ भरण्यापुरतंसुद्धा नाही! टाकीवरच्या झाकणाची गोल कडी लाकडाच्या तुकड्यानं हळूहळू ठोकत सैल केली, ठिणगी नको म्हणून. जुना पंप बाहेर आला. वायरींची टोकं जळलेली, खालची जाळी गाळानं काळीठिक्कर. ताईनं तो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, बाबा रे, इतकी वर्षं तू मला पाजलंस आणि मी तुला एकदाही विचारलं नाही. तुझे उपकार मी कसे फेडू?

नवा पंप बसला, नवी रबरी रिंग, नवा फिल्टर. डब्यातलं थोडं पेट्रोल ओतलं आणि किल्ली अर्धी फिरवली. हुंऽऽ! तिघेही सीटला कान लावून ऐकत होते, जसं काही आत तान्हं बाळ निजलंय.

"पाव टाकीच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही," पैलवाननं दम दिला. "मग कुणाची का फेरी असेना."

तिथून दोघं मला घेऊन थेट पेट्रोल पंपावर आली. पंपावरच्या मुलीनं विचारलं, "किती टाकू?"

भोंग्यानं ताईकडे बघितलं. ताईनं भोंग्याकडे. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार.

"फुल," ताई म्हणाली.

"अगं, पण उद्या दिवसभर गाडी माझ्याकडे आहे," भोंगा म्हणाला. "लांबचा कार्यक्रम आहे."

"माहितेय मला. फुल कर गं."

आणि गारेगार पेट्रोल माझ्या टाकीत पडायला लागलं. बाबांचे, पैलवानचे, त्या जळून गेलेल्या बिचाऱ्या पंपाचे, सगळ्यांचे मी आभार मानते. पण सगळ्यात जास्त ताईचे. कारण एकदा भरलेली टाकी कशी रिकामी परत आली, ते ती विसरली नव्हती. विसरली नव्हती, तरी 'फुल' म्हणाली. आपल्या कामाच्या वस्तूला आपल्यापुरतंच देऊ नका रे, तिला थोडं वरचंही लागतं. आणि माणसांनाही लागत असावं, असं मला आपलं वाटतं.

आता अगदी खरं सांगा हं, मित्रांनो. मागे रिक्षा बोंबलतेय, पुढे ती मुलगी नळी धरून उभी आहे आणि उद्या गाडी भोंगा नेणार आहे. ताईच्या जागी तुम्ही असतात, तर किती म्हणाला असतात?