समोरच्या दारातली मालिका

करवतीनं काकांचे कान खाल्ले आणि भिंगानं बाबांचे डोळे. एक भाऊ लाकडाच्या वखारीत राबला, दुसरा घड्याळं दुरुस्त करत बसला. दोघांची दारं समोरासमोर, मधे चार पावलांचा पॅसेज. बारा वर्षं रोज सातच्या ठोक्याला काका ती चार पावलं चालून यायचे आणि दोघं मिळून गुप्तहेराची मालिका बघायचे. म्हणजे काका बघायचे, बाबा ऐकायचे.

"म्हातारीनं चावी उशीखाली सारली," काका सांगायचे.

"आणि तोंडानं म्हणते, मला ठाऊक नाही," बाबा त्यांच्या कानाशी ओरडायचे.

मग निवडणूक आली आणि तो गुप्तहेर काकांच्या पक्षाच्या व्यासपीठावर चढला. बाबांच्या पक्षानं फर्मान काढलं, ही मालिका बघायची नाही. बाबांनी टीव्ही बंद केला.

"माझ्या घरात त्याचं तोंड दिसणार नाही."

"तुम्हाला तसंही कुठं दिसतंय?" लेक म्हणाली. कुणी हसलं नाही. काका उठून गेले ते गेलेच.

लेक पोस्टात कामाला. दिवसभर खिडकीवर लोकांशी घसा कोरडा करून घरी यावं, तर समोरच्या बंद दारातून गुप्तहेर जिना हादरवत असायचा. आणि बाबा काळ्या पडद्यासमोर मान कलती करून बसलेले.

"ऐकताय ना?"

"कानांना काय दारासारखी कडी लावू? बघत तर नाही."

शेवटच्या भागाच्या दिवशी आवाज इतका चढला, की तिचं डोकं ठणकायला लागलं. तिनं समोरचं दार वाजवलं, मग ढकललंच आणि काकांच्या कानाशी ओरडली.

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही, मग एवढा आवाज कुणासाठी?"

काकांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "असू दे पोरी. तुझ्या बाबाचं शेवटाला येऊन हुकायला नको."

तिला रडावं की भांडावं कळेना. तेवढ्यात पडद्यावर सगळं गप्प झालं. कुणी बोलेना, नुसतं संगीत. पॅसेजपलीकडून बाबांचा आवाज आला, "अगं, काय झालं? कोण निघालं?"

"काकांना विचारा," ती पॅसेजमध्ये येऊन म्हणाली. "चार पावलं आहेत. मी मोजलीत. बारा वर्षं तो माणूस चालत आला, आता एकदा तुम्ही जा."

बाबा उठले नाहीत. काकाही उठले नाहीत. खुनी कोण ते तिनंही कुणाला सांगितलं नाही. टपाल पोचवायचं काम तिनं पोस्टातच ठेवायचं ठरवलं.

सोमवारी नवी मालिका सुरू झाली. तिची नायिका बाबांच्या पक्षाची, त्यामुळे काकांच्या घरात सातला सामसूम. बाबांनी मात्र लेकीला हाक मारली.

"टीव्ही जरा दाराकडे फिरव. अजून थोडा. आणि दार सताड उघड."

"दार कशाला?"

"वारा येतो."

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. तिनं जड टीव्ही ओढत फिरवला, तिची कंबर धरली. बाबांच्या वाट्याला आता टीव्हीची पाठ होती. समोरचं दार वीतभर किलकिलं झालं. दाराच्या फटीत काकांचा चष्मा चमकला आणि तिथंच थांबला.