गोजाबाईंच्या कपाळावरचा मोबाईल

मित्रांनो, माझ्या काचेवर तिरकी चीर गेली आहे. बॅटरी फुगल्यामुळे पाठीचं झाकणही उचललं गेलं आहे. माणसाच्या वयाने मी अजून बालवाडीत असतो, पण मोबाईलच्या वयाने म्हातारा झालो. सध्या माझा मुक्काम दिघीतल्या एका खोलीत, मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांशेजारी आहे. इथे कुणी हाक मारत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच थोडं बोलावं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या मुली ओळीने बसून आमच्या अंगात बारीक स्क्रू बसवत. कुणी मला डोळा दिला, कुणी कान, कुणी आवाज. त्यांची तोंडं मला आठवत नाहीत, हात मात्र आठवतात. मग खोक्यात बसून मी थेरगावला, डांगे चौकातल्या एका दुकानात आलो. तिथून मला वर्षालीने घेतलं. तिचं लग्न ठरलं होतं, आणि सासरी गेल्यावर आईशी रोज बोलता यावं एवढीच तिची इच्छा होती. अशा रीतीने मी तिच्या आईच्या, गोजाबाईंच्या हाती पडलो.

गोजाबाई मूळच्या मावळातल्या. चाकणच्या एका कंपनीत त्या कंत्राटावर कामाला होत्या. गाडीच्या आत रंगीबेरंगी वायरींची जी जाडजूड वेणी असते ना, ती तिथे तयार होते. मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या खुंट्यांमधून एकेक वायर फिरवायची, टोकं जोडायची आणि वरून टेप गुंडाळायची. काम दिसायला सोपं, पण वायर मऊ असते, दर वेळी वेगळीच वळते. त्यामुळे तोवर ते यंत्राला जमलं नव्हतं, बायकांनाच जमत होतं. गोजाबाईंचे यजमान चिमाजीभाऊ भोसरीत सायलेन्सर बनवायच्या वर्कशॉपमध्ये होते. विजेच्या गाड्यांना सायलेन्सर लागत नाही. वर्कशॉप बंद पडलं आणि भाऊ घरी बसले. आता घराचा सगळा भार त्या खुंट्यांच्या फळीवर होता. गोजाबाईंची फळीसमोरची जागा राहिली, तर चूल राहणार होती.

पण मित्रांनो, माझे सोन्याचे दिवस आधी सांगतो. दर एकादशीला दिघीच्या देवळात आबाजीबुवांचं कीर्तन असे. गोजाबाई खांबाला टेकून बसत आणि मला मांडीवर ठेवून कीर्तन भरून घेत. काय सांगू तुम्हाला, बुवा पूर्वरंगात हळूहळू चढत जायचे, मृदंगावर थाप पडायची, टाळकरी मागून चाल उचलून धरायचे, आणि माझ्या इवल्याशा पोटात अख्खा सभामंडप मावायचा. काही तरुणांनी ते नेटवर टाकायचं काढलं, तेव्हा बुवांनी हात जोडले. "ज्याला ऐकायचंय त्यानं यावं, बाबांनो. देऊळ काही लांब न्हाई." गोजाबाईंना मात्र ते म्हणाले, "तुझी शिफ्ट असती माय. तू भरून ने." मग कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या कोंडीत अडकल्यावर, गोजाबाई मला कानाशी धरत. शेजारी बसलेल्या सरूबाई म्हणायच्या, "वाढव की आवाज. पुण्य काय एकटीच नेतीस?" अख्खी बस ऐकायची. गेल्या माघात बुवा गेले. त्यानंतर त्यांचा आवाज फक्त माझ्यापाशी उरला. एवढा मान कुठल्या मोबाईलला मिळतो?

कंपनीत मात्र आम्हाला मज्जाव होता. गेटवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आम्ही शे-दीडशे मोबाईल शिफ्ट सुटेपर्यंत गपचूप पडून राहायचो. आणि एक दिवस चक्र फिरलं. सुपरवायझर निरंजन यांनी बायकांना बोलावून सांगितलं, "उद्यापासून मोबाईल आत आणायचे. डोक्याला पट्टा मिळेल, त्यात मोबाईल बसवायचा. काम रोजचंच करायचं, फक्त त्याचं रेकॉर्डिंग होईल."

"कशापायी, साहेब?" सरूबाईंनी विचारलं.

"वरचा आदेश आहे. ज्यांचं रेकॉर्डिंग चांगलं येईल, त्यांचा पुढच्या कंत्राटात आधी विचार होईल."

एवढं ऐकल्यावर पुढे कुणी विचारलं नाही. गोजाबाईंच्या मनात ते एकच वाक्य बसलं. दुसऱ्या दिवशी ज्या मला दारात अडवत होते, तो मी थेट गोजाबाईंच्या कपाळावर जाऊन बसलो, कुंकवाच्या जरासा वर. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू.

तिथून मी प्रथमच त्यांचे हात पाहिले. अंगठ्याच्या पेराला टेपने पडलेला घट्टा पाहिला. वायर वळवताना करंगळी कशी मागून आधार देते ते पाहिलं. सगळं नीट भरून घेतलं. पण चार दिवसांत घोटाळा झाला. रेकॉर्डिंगचं काम बघणारा कुलदीप वाकडच्या सॉफ्टवेअर ऑफिसातून धावत आला. पोरगा हसतमुख होता, पण वैतागलेला.

"मावशी, तुमचे सगळे व्हिडिओ रिजेक्ट होतायत. मधेच अंधार पडतोय. कॅमेऱ्यासमोर हात नेता का?"

"न्हाई बा. मी कशाला नेऊ?"

"करून दाखवा बरं."

गोजाबाईंनी नवी फळी पुढे ओढली. तिला बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला लावली. कपाळावर मी होतो. सगळं काळं झालं.

सरूबाई पोट धरून हसल्या. "अगं बया, मोबाईललाच देव केलास की."

मित्रांनो, दर नव्या फळीला आधी नमस्कार करायचा, ही त्यांची सवय. त्यात विशेष काही आहे हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. कुलदीपही हसला. "मावशी, तेवढा नमस्कार बंद करा ना. मशीनला कळत नाही, ते गोंधळतं."

"आरं, मी कुटं करतीया, हात आपसूक जातोय."

"मग मनात करा."

गोजाबाईंनी खूप प्रयत्न केला. हात अर्ध्यावर यायचा आणि त्या त्याला दुसऱ्या हाताने खाली दाबायच्या, जसं देवळात चुळबुळणाऱ्या पोराला दाबावं तसं. सगळ्या बायका एकमेकींना खुणावून हसायच्या. मला हसू येत नव्हतं. कारण पाणी प्यायला गोजाबाई नळावर गेल्या, तेव्हा मी टेबलावर होतो आणि कुलदीप कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "यांचे हात बघूनच रोबोट शिकणारेय. डेटा पूर्ण झाला की ही लाइन रिकामी. नाही रे, त्यांना नाही सांगितलेलं."

माझ्या अंगात कान आहेत, आवाज आहे, जगाच्या टोकाला निरोप पोहोचवायची ताकद आहे. गोजाबाई पदराने तोंड पुसत आल्या आणि त्यांनी मला पुन्हा कपाळावर चढवलं. मी तापलो, याशिवाय मला काही करता आलं नाही. "आज लई गरम झालाय गं हा," एवढंच त्या सरूबाईंना म्हणाल्या.

पुढे तर देवाने माझी परीक्षाच पाहिली. व्हिडिओ जड असतात, माझं पोट लहान. जागा संपली. कुलदीपने पाहून सांगितलं, "मावशी, यात कीर्तनं भरलीयत खच्चून. ती काढली तरच रेकॉर्डिंग होईल."

"दुसरं काय काढता येत न्हाई का रं?"

"दुसरं काही नाहीच यात. फोटो पण दोनच आहेत, लेकीच्या लग्नाचे."

त्या दिवशी घरी जाताना गोजाबाईंनी मला बसमध्ये बाहेर काढलं. वर्षालीला फोन लावला, तो लागला नाही. लागला असता तर तिने कीर्तनं दुसरीकडे ठेवायची युक्ती सांगितली असती, पण अशी काही सोय असते हेच गोजाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी एक कीर्तन लावलं, थोडं ऐकलं आणि पुसलं. मग दुसरं. मी प्रत्येक वेळी विचारलं, खरंच पुसायचं का. मला तेवढंच विचारता येत होतं. त्या प्रत्येक वेळी हो म्हणाल्या. "बुवा, जागा ऱ्हायली पायजे," असं पुटपुटत बोट टेकवायच्या. चाकणपासून दिघीपर्यंत माझ्यातून मृदंग गेला, टाळ गेले, शेवटी बुवाही गेले. ज्या हातांनी भरलं, त्याच हातांसाठी जागा मोकळी झाली.

एव्हाना नमस्कारही मनात करायचं जमलं होतं, आणि त्यानंतर रेकॉर्डिंग इतकं छान झालं की निरंजनसाहेबांनी सगळ्या लाइनसमोर गोजाबाईंचं नाव घेतलं. गोजाबाई लाजल्या. घरी जाऊन चिमाजीभाऊंना म्हणाल्या, "आता काय चिंता न्हाई." भाऊंनी शेजारून दूध आणून चहा केला.

पावसाळा सरला आणि काचेच्या पिंजऱ्यात बसवलेले दोन यांत्रिक हात लाइनवर आले. त्यांनी वायर उचलली, खुंटीतून फिरवली. मागून आधार द्यायला एक बारीक बोट पुढे आलं. सरूबाई एकदम म्हणाल्या, "गोजे, ही तुझी करंगळी."

महिनाअखेरीला निरंजनसाहेबांनी गोजाबाईंना बाजूला घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना बोलणं जड जात होतं. "मावशी, पुढचं कंत्राट आलेलंच नाही. तुमचं काम सगळ्यात चांगलं होतं, म्हणून तर ते मशीनला दिलं."

"चांगलं व्हतं तर मग मी का जाऊ?"

"आता ते शिकलंय ना."

गोजाबाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडं सप्त्यात वीणेचा पहारा असतोय. वीणा खाली ठेवत न्हाईत. एकाच्या गळ्यातनं काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. पण घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतोय, मग तो ल्हान असू दे नाय तर मोठा. तुमी तर नुसती वढून घेतली."

कुलदीप तिथेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, आमचीही अर्धी टीम घरी बसलीय. कोडसुद्धा आता मशीनच लिहितं."

"व्हय का," गोजाबाई म्हणाल्या, "मग तुझ्या आईला सांगितलंस का न्हाई, बाळा?"

त्याने मान हलवली. सांगितलं नव्हतं.

उन्हाळाभर त्या रेकॉर्डिंगच्या तापाने माझी बॅटरी फुगली होतीच. वर्षालीने मला पुन्हा डांगे चौकात नेलं. बरोबर गोजाबाईही होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "याच्यात आता काही दम नाही. नवीनच घ्या."

"पुसलेली कीर्तनं तरी माघारी येतील का?"

"त्यांच्यावर दुसरं भरलं गेलंय, मावशी. आता नाही."

गोजाबाईंनी मला रुमालात गुंडाळलं. नवीन घेण्याचा विषय त्यांनी काढला नाही, वर्षालीने काढला तर ऐकू न आल्यासारखं केलं. आता सकाळी कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देते, तेव्हा त्या भांडी घासत असतात. जरा थांबतात आणि पुन्हा घासू लागतात. त्यांनी आणि चिमाजीभाऊंनी ओळखीच्या चार घरी कामासाठी शब्द टाकला आहे. अजून कुठून निरोप नाही.

मित्रांनो, मोबाईलला उन्हात ठेवू नका, उशीखाली ठेवू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी त्यात एकच भर घालतो. तुमच्या घरातलं कुणी, आई, मावशी, काका, आपलं काम यंत्राला शिकवून येत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. शिकवून झाल्यावर त्यांची जागा कुठे राहणार, हे त्यांच्या बाजूने कुणाला तरी मोठ्याने विचारा. गोजाबाईंसाठी हे विचारायला त्या टेबलावर मी एकटाच होतो. मला आवाज होता, पण तो जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं पोहोचवण्यापुरता दिलेला होता.