तानाबाईच्या दारात थांबणारी मोटार

मी एक जुनी मोटार आहे. चाकणला कांद्याच्या वखारीमागं उभी असते. चाकं काढून नेली, खाली विटा लावल्या. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालते. घालू दे. मला राग त्याचा नाही येत, मित्रांनो. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

मला बनवलं विलायतेत. बोटीतून आले, पुण्यात एका साहेबाकडं राहिले. साहेब देश सोडून गेला तेव्हा चाकणच्या उद्धवरावांनी मला घेतलं. ते कांद्याचे व्यापारी. ड्रायव्हर ठेवला हिंदुराव म्हणून, कोल्हापूरकडचा. तोंडाचा फटकळ, पण रोज सकाळी मला पुसल्याशिवाय चहा प्यायचा नाही. पिंपरीकडं कारखाने उभे राहत होते. तिकडं जाणारे मुकादम, पुण्याला जाणारे आजारी, सगळे माझ्यातून जायचे. पोरं मागं धावायची. मला वाटायचं, माझ्यासारखी मीच.

मग माझं पाणी जायला लागलं.

मोटारीच्या नाकाशी रेडिएटर असतो. त्यातलं पाणी इंजिनात फिरतं, त्याला गार ठेवतं. पाणी संपलं की इंजिन उकळतं, वाफ सुटते, गाडी बंद. चाकणला हिंदुराव रेडिएटर काठोकाठ भरायचा. पुण्याच्या वाटेवर कुरुळी गावाच्या अलीकडं एक माळ लागायचा, माळावर विहीर, विहिरीशी झोपडी. तिथं आलं की मी उकळायची. रेडिएटर उघडावा तर पाणी तळाला. आणि रस्त्यावर एक थेंब नाही.

मिस्त्री आला. रबरी नळ्या बदलल्या. रेडिएटर खोलून बघितला, धड. मला वखारीत उभी करून खाली राख पसरली. दुसऱ्या दिवशी राखेवर एक ओला ठिपका नव्हता. मिस्त्री हात पुसत हसला, "पाणी गळत न्हाई, भाऊ. कुणीतरी पितंय."

तो थट्टेत बोलला. ऐकणारे हसले नाहीत.

मला काय वाटायचं सांगू? माळ जवळ आला की माझ्या कुशीला, आत, जिथं कुणाचा हात पोचत नाही तिथं, कुणीतरी ओठ लावायचं. बारीक ओढायचं. इंजिन निखाऱ्यासारखं, आणि ते ओठ गार.

झोपडीत तानाबाई राहायची, एकटी. ती विहीर खणताना सुरुंगात तिचा नवरा सोनबा गेला. विहिरीला पाणी लागलं तेही त्याच दिवशी. जमीन उद्धवरावांची, त्यांनीच तिला राहू दिलं होतं. मी बंद पडायची ती बहुतेक भर बारा वाजता. माळावर चिटपाखरू नाही. आणि तानाबाई कळशी भरून दारात उभीच, हाक मारायच्या आधी.

"तुला कसं गं कळतंय आमी आल्यालं?" हिंदुरावनं एकदा विचारलं.

"धुरळा दिसतो की लांबनं. आन् तुमचं तर रोजचंच हाय," ती म्हणाली. मग माझ्यात कळशी ओतत पुटपुटली, "पी गं बाई, पी."

आत बसलेली माणसं एकमेकांकडं बघायची. "आधी पिते, मग पाजते," एकजण हळूच म्हणाला. दुसरा म्हणाला, "विहिरीतल्या नवऱ्याला पोचवती पाणी." खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं.

मग उद्धवरावांच्या आई, कौशल्याबाई, आजारी पडल्या. त्यांना पुण्याला न्यायला निघालो, आणि मी माळावर उकळले. पाऊण तास गेला. तानाबाईनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत कौशल्याबाई गेल्या होत्या.

तेराव्यानंतर उद्धवराव माझ्यातून निघाले. मी तिथंच थांबले. तानाबाई कळशी घेऊन आली. उद्धवराव खाली उतरले.

"म्हातारे, उद्या झोपडी रिकामी कर."

"कुटं जाऊ, मालक? माझा सोनबा हितं हाय."

"त्याच्यासाठीच ओढतेस ना पाणी? माझी आई गेली त्यात."

तानाबाई माझ्याजवळ आली, टपावर हात ठेवला. टप इतका तापलेला, पण तिनं हात काढला नाही. "मालक, मी न्हाई पीत. हिला कुटंतरी जखम हाय. मुकं हाय, सांगंल कसं?" ती आत गेली, मूठभर हळद घेऊन आली, आणि कुणी अडवायच्या आत रेडिएटरमध्ये टाकून वरून कळशी ओतली.

"अगं ए! काय घातलंस त्यात?" हिंदुराव ओरडला.

"हळद. जखमेला दुसरं काय लावत्यात?"

त्या दिवशी ते ओठ लागलेच नाहीत. पुण्यापर्यंत पाणी जसंच्या तसं. आणि इथंच सगळं बिघडलं. उद्धवराव म्हणाले, "बघितलंस, हिंदुराव? झोपडी जातेय म्हटल्यावर सोडलं तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझं इंजिन पुसत होता. पुसता पुसता थांबला. कुशीतून खाली एक पिवळी रेघ आली होती. धुराच्या पाईपवर जाऊन काळी पडली होती. त्यानं दाढीचा आरसा आणला, आत तिरका धरला. तिथं इंजिनाला आतलं पाणी अडवायला डबीच्या झाकणाएवढी पत्र्याची टोपी असते. ती गंजली होती, आणि तिच्या मधोमध हळद अडकून बसली होती. त्यानं खिळ्यानं टोचलं. खिळा आरपार गेला.

"मालक!" तो आईबापावरून शिव्या देत वखारीत शिरला. "भोक हाय, भोक! गाडी तापली की ते फाकतंय, पाणी उडतंय जळत्या पाईपवर. जाग्यावर वाफ! थेंब पडंल कसा? आपण बघितलं गार गाडीखाली!"

"मग तिच्याच दारात कशी थांबायची?"

"रेडिएटर तेवढ्या अंतरात रिकामा व्हायचा म्हणून! कधी अलीकडं थांबलो, कधी पलीकडं. आपण ध्यानात ठेवली फक्त झोपडी. म्हातारी दुसरीकडं राहिली असती तर दुसरीच कुणीतरी चेटकीण झाली असती!"

उद्धवराव बराच वेळ हातातल्या कांद्याची सालं काढत राहिले. मग म्हणाले, "गाडी काढ. थांबवू तिला."

झोपडी रिकामी होती. चूल कोमट. उंबऱ्यावर भरलेली कळशी आणि हळदीची पुरचुंडी. आमच्यासाठी ठेवून गेली होती. उद्धवरावांनी आळंदीला विचारलं, दिघीला विचारलं. ती कुणालाच दिसली नव्हती.

मला नवी टोपी ठोकली. पाणी घोटभरही कमी होईना. पण पुढच्या खेपेला झोपडीसमोर आले, आणि बंद. रेडिएटर काठोकाठ. इंजिन गार. पेट्रोल होतं. उंबऱ्यावर कळशी भरलेली. हिंदुरावनं ती रस्त्यावर पालथी केली. दुसऱ्या दिवशी परत भरलेली. तो विहिरीपाशी गेला, दोर चाचपला. दोर कोरडा ठणठणीत. कळशी मात्र ओली, थेंब गळत होते.

त्यानंतर उद्धवराव माझ्यात बसले नाहीत. हिंदुराव गावाकडं निघून गेला. माझ्याखाली विटा आल्या.

मित्रांनो, कुठलंही पाणी कमी व्हायला लागलं तर आधी वाका. तापलेलं असताना बघा. हात पोचत नाही तिथं आरसा धरा. जी पाणी घेऊन येते तिच्याकडं बोट दाखवायला काही लागत नाही, म्हणून तर सगळे तेच करतात. मीही केलं.

चार वर्षं झाली, माझ्यात कुणी पाणी भरलेलं नाही. परवा भर दुपारी कोंबडी एकदम ओरडत उडाली. वखारीमागं कुणी नव्हतं. रेडिएटरच्या तोंडाशी हळदीचा वास आला, आत काहीतरी गार उतरत गेलं, आणि अगदी जवळून आवाज आला, "पी गं बाई, पी."