डॉर्टमुंडचा पाद्री

सुरेंद्रने माइकवर टिचकी मारली आणि नेमकं तेव्हाच भगवंतराव जिना चढून आत आले.

पंकजच्या खताच्या दुकानावरची ती खोली पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी गच्च भरली होती. तामसी गावातल्या पहिल्यावहिल्या फुटबॉल क्लबचं उद्घाटन होतं. पोरांच्या अंगात काळ्या-पिवळ्या जर्सी, भिंतीवर तशाच रंगाचा फ्लेक्स. भगवंतरावांना कोणी बोलावलं नव्हतं. दत्तमंदिराच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख. रविवारचं भजन सोडून पोरं खेळतात म्हणून मंदिरामागच्या मैदानाला त्यांनीच कुलूप घातलं होतं. तेव्हापासून मंडळातलं एकही पोरगं मंदिराची पायरी चढलं नव्हतं, सुरेंद्रही नाही.

पंकज त्यांना अडवायला निघाला, पण सुरेंद्रने त्याला खुणेने थांबवलं. म्हातारा आयताच सापडला होता. ऐकू दे त्यालाही.

"तर ज्याची जर्सी आपण घातली, तो क्लब जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा," तो म्हणाला. "आज युरोपात नाव हाय त्याचं. पण एकोणीसशे नऊ साली होते फक्त अठरा पोट्टे. चर्चच्या मंडळातले. आन् त्यायच्या डोक्यावर एक पाद्री."

पोरं आधीच खुदखुदायला लागली.

सुरेंद्र आदिलाबादला बँकेत होता. जाता-येता बसमध्ये फोनवर वाचून त्याने हा इतिहास पाठ केला होता. पाद्र्याला फुटबॉलचं वावडं होतं, पोरांनी गुत्त्याच्या एका खोलीत सभा भरवली, ती मोडायला पाद्री आला आणि पोरांनी त्याला दारातच अडवलं. त्यात होतं ते एवढंच. पण सुरेंद्रचं आज तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्याने पाद्र्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवला. बोलायच्या आधी खाकरायची सवय लावली, अगदी भगवंतरावांसारखी, आणि तसं खाकरूनही दाखवलं. नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर ढकलला. खोलीत हशा पिकला. बायांनी तोंडाला पदर लावले.

"मंग पोट्ट्यायनं त्याले असा धरला, आन् असा लोटला बाहेर!"

टाळ्या पडल्या. सुरेंद्रला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

भगवंतराव मागच्या बाकावरून उठले. ते खाकरले नाहीत. खाकरणं घशाशी आलं होतं आणि ते त्यांनी गिळलं, हे सुरेंद्रला समोरून स्वच्छ दिसलं.

"सुरेंद्र, एक इचारू का?"

"इचारा ना, काका."

"त्या पाद्रीबाबाचं फुडं काय झालं?"

"म्हंजे?"

"पोरं निंगून गेली. मंडळ रिकामं झालं असन त्याचं. मांगून कोणी गेलतं का त्याले भेटाले?"

सुरेंद्रने हातातल्या फोनकडे पाहिलं. कोणत्या साली कोणता कप, जर्सीचा रंग कधी बदलला, सगळं त्यात होतं.

"ते... लिवलेलं नाही, काका."

"बरं," भगवंतराव म्हणाले. "मी आवतण द्याले आलो होतो. उद्या दत्तजयंतीचा भंडारा हाय. आमी तिघं म्हातारे उरलो, वाढाले हात नाहीत. तुमी खेळून या. उशीर झाला तरी चालन, पंगत थांबवतो मी."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून अक्षतांची पुडी काढली आणि एकेकाच्या हातावर चार-चार दाणे ठेवत पुढे सरकले. घरोघरी आवतण द्यायची रीत ती, इथं खोलीतच उरकली. आता कोणी हसत नव्हतं. पंकजने मान खाली घालून हात पुढे केला.

सुरेंद्रची पाळी आली तेव्हा त्याच्या उजव्या हातात माइक होता. तो डाव्या हातात घेताना केवढ्याने तरी खरखरला. लहानपणी बाप तापाने पडला म्हणून याच माणसाने त्याला बासरच्या सरस्वतीच्या देवळात नेलं होतं, मांडीवर बसवून, बोट धरून पाटीवर पहिलं अक्षर काढून घेतलं होतं. सुरेंद्रचे कान तापले. अंगावरची जर्सी त्याला नकोशी झाली. काका, चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. त्याने नुसती अक्षतांवर मूठ मिटली.

भगवंतराव कठडा धरून जिना उतरू लागले. जाऊन हात द्यावा असं सुरेंद्रच्या मनात आलं. तो जागचा हलला नाही. एवढ्या लोकांत कोणत्या तोंडाने जाणार?

पावलं खाली रस्त्यावर पोचली असतील, तेव्हा गोलकीपर अमर हळूच म्हणाला,

"फुडं सांग ना, सुरेंद्रदादा. मंग क्लबचं काय झालं?"

अक्षता मुठीत घामाने चिकटल्या होत्या.

"जिंकत गेले," सुरेंद्र म्हणाला, आणि त्याने माइक बंद केला.