अक्रोडाखालची प्रार्थना

थॉर्नकमच्या प्रार्थनामंदिरामागचा अक्रोड उभा होता स्वेल्ससाहेबांच्या बागेत, पण सावली पडायची मंदिराच्या अंगणात. उन्हाळ्यात मंडळी तिथंच बसून भजनं गात. हेस्टर प्राउटचं लग्न त्याच सावलीत ठरलं होतं, आणि नवऱ्याला शेवटचा निरोपही तिनं तिथूनच दिला होता. स्वेल्ससाहेबांनी घर नुकतंच घेतलेलं. त्यांना गळणाऱ्या पानांचा जाच व्हायचा.

"झाडाला कायद्याचं संरक्षण मिळवू या," हेस्टर ग्रामसभेत म्हणाली. "एकदा हुकूम निघाला की परवानगीशिवाय फांदीसुद्धा तोडता येत नाही."

"अगदी योग्य," अध्यक्ष फेनिमोरबाई म्हणाल्या. "पण आधी साहेबांच्या कानावर घालू. न सांगता हुकूम आणायचा म्हणजे असभ्यपणा झाला."

"बाई, कळलं तर ते आधीच पाडतील."

"हेस्टर, आपण थॉर्नकममध्ये राहतो."

साहेबांना चहाला बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, केकचा दुसरा तुकडा घेतला, मनापासून आभार मानले आणि घरी जाऊन करवतवाल्याला फोन केला.

सकाळी तो यंत्र घेऊन हजर. हेस्टरनं जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला फोनवर गाठलं. हुकूम तयार करून आणायला त्याला दुपार होणार होती. मग ती एम्ब्रोज टिलीच्या दाराशी धावली. एम्ब्रोज गाऊन उपदेश करायचा. गळा गोड, पण त्याचा उपदेश संपेपर्यंत गावातल्या चुलींवरचं मांस करपायचं.

"एम्ब्रोजबाबा, अक्रोडाखाली प्रार्थना करायचीय. आत्ता."

"किती आटोपती घेऊ?" म्हाताऱ्यानं सवयीनं विचारलं.

"सुचेल तितकी लांबू द्या."

म्हातारा तसाच निघाला. जन्मात हे त्याला कुणी म्हणालं नव्हतं.

सावलीत मंडळी जमली तसे त्यानं डोळे मिटले आणि आदामाच्या बागेपासून सुरुवात केली. एक कडवं गायचं, मग त्याचा अर्थ उलगडायचा, मग पुन्हा कडवं. करवतवाल्यानं शिरस्त्राण काढून छातीशी धरलं.

"सुरू करा की," साहेब कुंपणापाशी येऊन कुजबुजले.

"प्रार्थना चाललीय, साहेब. आमेन होऊ द्या."

साहेबांनीही नाइलाजानं मान खाली घातली. वाटेनं जाणाऱ्या फेनिमोरबाई थांबल्या, त्यांना हलता येईना. दुपार कलली. एम्ब्रोज नोहाच्या तारवाला फळ्या ठोकत असताना अधिकारी आला. त्यानं गाणं ऐकलं, टोपी काढली आणि हुकूम हातात धरून मागं उभा राहिला, आमेनची वाट बघत.

आमेन झालं की इकडं हुकूम निघणार आणि तिकडं करवत. आणि करवतवाला झाडापाशी, साहेबांच्या शेजारीच होता; अधिकारी मात्र सगळ्यांच्या मागं. एम्ब्रोजचा आवाजही आता बसत चालला होता.

ती उठली. भर प्रार्थनेत, सगळ्यांच्या मधून चालत गेली. अधिकाऱ्याच्या हातातला हुकूम घेतला आणि कुंपणावरून साहेबांच्या हातात दिला.

थॉर्नकममध्ये असं कधी घडलं नव्हतं. करवतवाल्यानं हुकुमावर नजर टाकली आणि यंत्र गाडीत ठेवलं.

"हेस्टर," फेनिमोरबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या, "आमेनपर्यंत थांबता आलं असतं."

"झाड थांबलं नसतं, बाई."

अक्रोडाला गावानं त्याच दिवशी आपलं मानलं. हेस्टरला चहाचं बोलावणं मात्र पुढं बरेच दिवस आलं नाही.

एम्ब्रोजला यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले, पूर अजून ओसरायचा होता. हेस्टर परत सावलीत जाऊन बसली आणि त्याच्या बसक्या आवाजाला तिनं आपला आवाज जोडला.