मोजपट्टीने पंधरा दिवस मागितले

मित्रांनो, चष्म्याची काच दुकानात येते तेव्हा बशीसारखी गोल असते. तिला तुमच्या फ्रेमचा आकार मी देतो. मी काचा घासणारे एक जुने यंत्र आहे. माझ्या पोटात एक चाक आहे. चाकावर हिऱ्याची बारीक पूड बसवलेली आहे आणि काच घासताना त्यावर सतत पाण्याची धार पडत असते. मला कारखान्यात कुणी जोडले, ते आठवत नाही. लाकडी खोक्याचे खिळे उपटले गेले आणि एका तरुण माणसाने माझ्यावरचा भुसा फुंकर मारून उडवला, तिथपासूनचे मात्र सगळे नीट आठवते.

तो माणूस चष्मेवाला. वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्याने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडले आणि दुकान मांडले. पुढे काउंटर, आरसा आणि त्याची बायको. मागच्या खोलीत बेसिन, टेबल आणि मी. चष्मेवाल्याची बोटे दिवसभर पाण्यात असत, त्यामुळे ती कायम सुरकुतलेली. पण त्याने बसवलेली काच कधी फ्रेममधून निसटली नाही. एक मास्तर वर्षातून तीनदा आपल्याच चष्म्यावर बसत. बायको त्यांना म्हणे, "मास्तर, बसायला खुर्ची घ्या हो, चष्मा कशाला?" मास्तर हसत आणि नवीन काचा माझ्याकडे येत.

चष्मेवाल्याला एकच मुलगी. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर मोजायची छोटी पट्टी घेऊन ती लहानपणी घरभर फिरायची. मांजराचे कान मोज, आजोबांचे नाक मोज. म्हणून तिचे नाव पडले मोजपट्टी. पंधराव्या वर्षी ती माझ्यासमोर बसली. पहिल्या दोन काचा तिने वाया घालवल्या. तिसरी फ्रेममध्ये टिचकन बसली. चष्मेवाल्याने ती दिव्यासमोर धरली, फिरवून पाहिली, "हात बसतोय," एवढेच म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला. तिने मात्र ती फ्रेम दिवसभरात दहा वेळा उचलून पाहिली.

बारावीला तिला चांगले मार्क मिळाले. त्याच आठवड्यात चष्मेवाला एका नव्या कॉलेजचे गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आला. कॉम्प्युटरची पदवी, चार वर्षे. ते त्याने माझ्या ओल्या झाकणावर ठेवले आणि त्याचे पहिले पान तिथेच चिकटले.

"फी बघितलीत का?" बायको म्हणाली.

"बघितली. ही मागची खोली विकू. थोडं कर्ज काढू. पण माझ्यासारखं पाण्यात बोटं भिजवत बसायचं नाही हिनं."

"बाबा, मला आवडतं हे काम," मोजपट्टी म्हणाली.

तिचा मामाही आला होता. तो एका ऑफिसात कारकून. "आवडतं ते ठीक आहे गं," तो म्हणाला. "पण मी काम शिकवलेली पोरं माझी साहेब झाली. मी अजून त्याच टेबलावर. का? तर डिग्री नाही. डिग्री नसली की माणसाला दारातूनच परत पाठवतात."

तो खोटे बोलत नव्हता. मोजपट्टीलाही ते कळले. ती म्हणाली, "मला पंधरा दिवस द्या. मी बघून येते."

"काय बघणार?"

"लोकांना विचारते."

दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन सकाळीच बाहेर पडू लागली. इकडे चष्मेवाल्याला झोप लागेना. फी भरायची तारीख जवळ येत होती, पोरगी नाही म्हणाली तर तिचे वाटोळे होईल ही भीती त्याच्या मानगुटीवर बसली होती. चौदाव्या दिवशी, ती बाहेर असताना, त्याने फीसाठी मला विकले.

मला विकत घेतले लॅबवाल्या बाईंनी. त्यांच्या लॅबमध्ये बऱ्याच दुकानांच्या काचा तयार होत. मला उचलताना चष्मेवाल्याने स्वतः माझ्यातले पाणी काढले आणि झाकण पुसले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. खोलीला गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्या माणसाकडे विकण्यासारखे दुसरे होतेच काय?

संध्याकाळी मोजपट्टी लॅबच्या दारात उभी होती. धावत आली असावी, धाप लागलेली. मला वाटले, आता ही भांडणार. तिने विचारले, "बाई, या मशीनवर बसायला माणूस आहे का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"मी बसू?"

बाईंनी तिला खालीवर न्याहाळले आणि एक जाड काच तिच्या हातात दिली. "कर बघू."

तिने काचेचा मध्य काढून तीन ठिपके दिले, काच पकडीत बसवली, आधी पाणी सोडले आणि मग मला सुरू केले. बाईंनी कडेवरून नख फिरवले. "उद्या नऊला ये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला लॅबमध्ये आला. चेहरा तापलेला. "हे काय चाललंय? आज शेवटची तारीख आहे फीची!"

मोजपट्टीने हात पुसले आणि वही उघडली. "बाबा, कॉलेजच्या गेटवर शेवटच्या वर्षाची एकवीस मुलं भेटली. सातजणांना शिकलंय त्याचं काम मिळालंय. त्या सातांना कॉम्प्युटरचं वेड आहे, जेवायचं विसरतात. मला ते वेड नाही. उरलेल्यांना विचारलं, इथं का आलात? म्हणाले, घरच्यांनी भरली फी, म्हणून आलो."

"आणि तुझं चुकलं तर?"

"तर एक वर्ष जाईल. तिथं चुकलं तर चार वर्षं जातील, आणि खोलीही."

चष्मेवाला स्टुलावर बसला. "मी कॉलेज सोडलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, सोडायचंय का म्हणून," तो म्हणाला.

"आणि मला कुणी विचारत नाहीये बाबा, जायचंय का म्हणून."

तो उठला. फी भरली नाही. पण दोन महिने घरात बापलेकीचे बोलणे कामापुरतेच होते, असे ती डबा खाताना बाईंना सांगायची.

दोन वर्षे आम्ही एकत्र काम केले. मग एकदा एक बस चालवणारे काका एकच चष्मा तिसऱ्यांदा परत घेऊन आले. "रस्ता वाकडा दिसतो पोरी, आणि मागे पन्नास माणसं बसलेली असतात." तिने काच तपासली. दवाखान्यातून आलेल्या नंबराच्या चिठ्ठीत होते त्याप्रमाणे सगळे बरोबर होते. मग तिने तशीच एक सुटी काच त्यांच्या डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवली. "थांब! आता सरळ!" काका ओरडले. चूक घासण्यात नव्हती, चिठ्ठीतच होती.

चिठ्ठी दुरुस्त करायला ती पेन उचलणार तोच बाईंनी अडवले. "डोळे तपासायला शिकलेलं माणूस लागतं. आपण खाडाखोड करायची नाही."

मोजपट्टी काकांबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तिथे तपासणाऱ्या ताईंनी नंबर दुरुस्त करून दिला. परत आल्यावर तिने पहिला प्रश्न बाईंना विचारला, "त्या ताई कुठं शिकल्या असतील हो?" नंतर स्वतःच जाऊन विचारून आली. सरकारी कॉलेज, चार वर्षे, प्रवेश परीक्षा. पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. दुसऱ्या यादीत सगळ्यात खाली होते. फी तिच्या साठलेल्या पगारातून भरण्याजोगी होती.

मामा म्हणाला, "तेव्हाच गेली असतीस तर आतापर्यंत निम्मं कॉलेज झालं असतं."

"झालं असतं मामा," ती म्हणाली. "पण कशाचं?"

मामाचेही अगदी चुकले असे मी म्हणणार नाही. तिची एक मैत्रीण त्याच महागड्या कॉलेजात गेली, तिला कॉम्प्युटरचे वेड होते, आणि तिचे छान चालले आहे. मोजपट्टी मात्र वर्गात सगळ्यांत मोठी. मुले तिला मावशी म्हणतात. डोळ्यांच्या नसांची नावे पाठ करताना ती रडकुंडीला येते.

आता लॅबमध्ये आपोआप चालणारे यंत्र आले आहे. मी कोपऱ्यात असतो. फार जाड काच आली तरच माझी आठवण होते. मागच्या आठवड्यात चष्मेवाला काचा द्यायला आला होता. लॅबमधल्या नव्या माणसाने विचारले, "तुमची मुलगी काय करते?" चष्मेवाल्याने क्षणभर विचार केला. "डोळे तपासायला शिकते," तो म्हणाला. "आणि सुट्टीच्या दिवशी इथं काचाही घासते. मी विचारलं होतं तिला, कॉलेज सुरू झालं, आता काम सोडतेस का म्हणून. नको म्हणाली."

मित्रांनो, कॉलेजला जा किंवा जाऊ नका, हे सांगायला मी कोण? पकडीत दिलेली काच घासायची, एवढेच मला येते. पण काच चाकावर धरण्याआधी तिचा मध्य काढावा लागतो. एकदा घासून गेलेली काच पुन्हा जोडता येत नाही. म्हणून एवढेच मागतो: तुमच्या घरात फीची गोष्ट निघेल तेव्हा वही घेऊन बाहेर पडा, तिथून शिकून गेलेल्यांना विचारा, तो धंदा करणाऱ्यांना विचारा. आणि घरातल्या मोठ्यांनो, तारीख जवळ आली तरी थोडे थांबा. मूल अजून विचारून परत आलेले नसते.