लोटूभाऊंचे चौकोन

आमच्या ह्यांना फोटोचं भारी वावडं. कॅमेरा दिसला की माणूस पाठमोरा. आधार कार्डावर तेवढा एक होता, पण तो पाहून ते स्वतःच म्हणाले होते, "मालू, हा कोण चोर?" अशा माणसाचा दहावा, आणि धाकटे दीर नंदकुमार म्हणतात, घाटावर दहा फुटी बॅनर पाहिजे! "वहिनी, लोधीपुऱ्यात आलतूफालतू लोकांचे लागतात. आमचा दादा काय पासपोर्ट साइज होता?"

मी म्हटलं, करा बाबा काय करायचं ते. आम्हाला मूलबाळ नाही, पिंड तेच देणार होते. आणि माझ्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं, नाहीतर मी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे.

पुतण्या ऋषिकेशने चांदनी गावच्या एका लग्नातला फोटो शोधून काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरून दमलेला. त्यात नवरदेवाच्या फेट्यामागे, कोपऱ्यात, हे उभे. चेहरा तिळाएवढा. इतवाऱ्यातल्या बॅनरवाल्या रश्मीने साफ सांगितलं, "भैया, हा फाटेल. फोटोत ठिपके जेवढे आहेत तेवढेच राहणार. ताणला की ठिपकाच मोठा होतो, नाक काही नवीन उगवत नाही." पण आमचं पोरगं ऐकतंय कुठलं! "दीदी, तुम बस छापो. बड़ा करेंगे तो साफ ही दिखेगा ना?" दोघांच्या डाळीत घागरभर पाणी ओतून गाव जेवू घालायची अक्कल ती.

दहाव्याला तापीच्या घाटावर गेलो, तर बांबूंना बॅनर बांधलेला. आणि त्यावर चौकोन. तपकिरी चौकोन, काळे चौकोन, मध्ये एक गुलाबी चौकोन. खाली 'कै. लोटूभाऊ यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. अक्षरं मात्र कशी लख्ख! येणारा प्रत्येक माणूस हात जोडायचा आणि हळूच विचारायचा, "ह्यात भाऊ कोणते?" नंदकुमार गुलाबी चौकोनाकडे बोट दाखवायचे. "हे ओठ असावेत." एका म्हातारबुवांनी त्या चौकोनाला गंध लावलं. मला हसू फुटलं, मग हसल्याची लाज वाटली, आणि मग रडूच आलं.

गुरुजींनी पिंड मांडले. कावळे आले, कडुलिंबावर बसले, आणि बसूनच राहिले. एक खाली उतरेल तर शपथ. बायकांची कुजबुज सुरू झाली, कावळा शिवत नाही म्हणजे भाऊंचा जीव कशात तरी अडकलाय. आणि सगळ्या बघतात माझ्याकडे! माझ्याकडून काही राहून गेलं असेल तर? मला दुसरं काही नको होतं, ते सुखाने सुटावेत एवढंच.

नंदकुमारांनी हात जोडले. "दादा, केळीतली मोटर दुरुस्त करतो." कावळा हलेना. "वहिनींना अंतर देणार नाही." हलेना. "बांधाचं भांडण सोडलं, जा!" कावळ्याने पाठ फिरवली. शेवटी गुरुजींनी बॅनरकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "अहो, आत्म्याला आपला चेहराच ओळखू येत नाहीये! दहावा आपला की दुसऱ्याचा, ह्या विचारात बिचारा थांबलाय."

आणि सगळ्यांना ते पटलं! मलासुद्धा पटलं, आता काय सांगू.

ऋषिकेशने रश्मीला फोन लावला, स्पीकर सुरू करून. "दीदी, अभी के अभी ठिपके वाढवा."

"फोटोतच नाहीत ते मी कुठून आणू?" ती म्हणाली. "लांबून बघा. लांबून चौकोन एकमेकांत मिसळतात, मग चेहरा दिसतो."

"मागे सरका!" गुरुजींचा हुकूम सुटला. "पण पाठ दाखवायची नाही, अपमान होईल!" मग काय, ओल्या धोतरातले पुरुष, डोईवर पदर घेतलेल्या बायका, सगळी भावकी घाटाच्या पायऱ्या उलट्या चढायला लागली. नंदकुमार एका म्हशीवर आपटले आणि तिलाच "सॉरी" म्हणाले.

"दिसले का?"

"कान आला!"

"भुवई आली! अजून मागे, मिशी राहिली!"

पार वर, रस्त्याच्या कडेला पोचलो, आणि दिसले. हेच. आमचे हे. डावी भुवई जराशी वर, मी काही रागाने बोलले की करायचे तशी. अगं बाई गं!

खाली पिंडांपाशी आता चिटपाखरू नव्हतं. कावळे भराभर उतरले. "शिवला! शिवला!" एकच गलका झाला. नंदकुमार ऋषिकेशला मिठी मारून ढसाढसा रडले. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "सुटले हो, मालूबाई. ओळख पटली, आता निघाले."

निघाले? गेल्यापासून आत्ता कुठे मला दिसले होते, आणि निघाले?

"अहो, थांबा की जरा!" मी ओरडले आणि पायऱ्या उतरत पळत सुटले. मागून बायका हाका मारत होत्या. पण मी खाली उतरत गेले तशी मिशी गेली, भुवई गेली, कान गेला. बॅनरपाशी पोचले तेव्हा समोर नुसते चौकोन. हाताला आला त्या तपकिरी चौकोनावर मी तळवा टेकवला. उन्हाने तो गरम झाला होता. गाल होता की कपाळ, काही कळेना. मी हात तसाच ठेवला.